चार नंबरवरचा तांबडा ठिपका

शनिवारी दुपारी चर्चमध्ये माणसे नसतात, केवळ बाके असतात. आणि रिकाम्या बाकांसमोर मला कधी संकोच वाटला नाही. म्हणूनच असेल, स्टेजवरची सारी मांडामांड माझ्याकडे आली होती. वाद्यांच्या वायरी अंथरायच्या, प्रत्येकीचे टोक स्टेजच्या कडेला ठेवलेल्या लोखंडी पेटीत आपापल्या नंबरच्या भोकात खोचायचे आणि मग वाजवणाऱ्यांच्या पायांशी मॉनिटर तिरपे लावायचे. मॉनिटर म्हणजे उलट्या तोंडाचे स्पीकर. भिंतीवरचे मोठे स्पीकर मंडळींसाठी असतात; मॉनिटर मात्र मंडळींकडे पाठ करून बसतो आणि वाजवणाऱ्याला त्याचेच वाजवणे ऐकवतो. आरशासमोर बसून दाढी करावी तसे आम्ही त्याच्यासमोर वाजवतो. आरसा खरे सांगतो, असे आपण धरूनच चालतो.

लोखंडी पेटीतून मनगटाएवढी जाड वायर निघे आणि जाजमाखालून, मधल्या वाटेने, थेट शेवटच्या बाकामागे जाई. तिथे मिक्सर होता आणि मिक्सरमागे दादा. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कामाची वाटणी त्यानेच पहिल्या दिवशी करून टाकली होती.

"स्टेज तुझं, मिक्सर माझा. मी तुझ्या वायरींना हात लावणार नाही, तू माझ्या बटणांना लावायचा नाहीस. उगाच भाऊबंदकी नको."

मला ती वाटणी मनापासून आवडली होती. मिक्सरपर्यंत जायचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाकांमधून, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत चालायचे. ते मी आठ महिन्यांत एकदाही केले नव्हते.

मी दुसरा कीबोर्ड वाजवतो. पहिला मास्तरांचा. मास्तरांनी शाळेत तीस वर्षे संगीत शिकवले. गाण्याची चाल, सुरुवात, शेवट, सारे त्यांच्या हातात. त्यांची वायर तीन नंबरच्या भोकात, माझी चारमध्ये. ते पुढे चालत असतात आणि मी त्यांच्या मागून ऑर्गनचे लांब सूर धरत जातो, सावली जावी तसा. सावलीला कोणी दाद देत नाही, पण ती नसली तर माणूस भुतासारखा दिसतो, असे मी स्वतःला समजावीत असे.

संशयाची पहिली ठिणगी पाडली ती पोस्टमनकाकांनी. निवृत्त झाल्यापासून ते शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात बसतात. उपासना सुटली होती, मी वायरी गुंडाळत होतो, आणि ते माझी दमछाक पाहत उभे राहिले.

"काय रे, तू तिथं वाजवतोस की नुसता फोटोपुरता बसतोस?"

"वाजवतो की, काका."

"असेल बाबा. आमच्या बाकापर्यंत काही येत नाही. तीस वर्षं पत्रं पोचवलीत मी. न पोचलेली गोष्ट मला लगेच कळते."

मी हसलो. लाजऱ्या माणसाला हसण्याचा फार उपयोग होतो. पण त्याच दिवशी, जेमतेम दहा मिनिटे आधी, पहिल्या बाकावरच्या आजींनी माझा हात हातात घेऊन म्हटले होते, "शेवटचा सूर किती गोड लांबवलास रे आज!" एकाच हॉलमध्ये, एकाच गाण्यात पहिल्या बाकाला मी ऐकू जातो आणि शेवटच्याला नाही? काकांच्या कानांचा दोष म्हणावा, तर वहिनीने माजघरात हळूच काढलेला शब्द आमच्या ओसरीवर बसून टिपणारे ते कान.

मी छापखान्यात प्रुफे तपासतो. चूक आहे असे धरूनच ओळ वाचायची, ही माझी पोटापाण्याची सवय. ती सवय त्या रात्री घरी आली आणि उशाशी बसली.

आजींना ऐकू जाते, कारण त्या माझ्या मॉनिटरपासून पाच हातांवर बसतात. मॉनिटरचे तोंड माझ्याकडे असले तरी आवाज काही सरळ रेषेत चालत नाही, थोडा सांडतोच. आजी ते सांडलेले ऐकत असल्या तर? आणि भिंतीवरच्या स्पीकरांतून माझे काहीच जात नसले तर?

एरवी मी हा विचार गिळून टाकला असता. पण पुढच्या रविवारी आई येणार होती. ती पडल्यापासून, खुब्याचे हाड मोडल्यापासून आठ महिने खाटेवर होती, आणि मी चर्चमध्ये वाजवायला लागलो तेही नेमके तेव्हाच. घरी मी हेडफोन लावून वाजवतो. तिला केवळ पट्ट्यांची टकटक ऐकू येते. तिने माझे वाजवणे असे कधी ऐकलेलेच नव्हते. आता ती चाकाच्या खुर्चीत बसून येणार होती, आणि चाकाची खुर्ची मागच्या दाराच्या उतारावरूनच आत येते, शेवटच्या बाकाशेजारी राहते. तिथे, जिथे काही पोचत नाही.

"आठ महिने तुझ्या वहिनीच्या तोंडून ऐकतेय तू छान वाजवतोस," ती म्हणाली होती. "ती तर कुकरच्या शिट्टीलाही छान म्हणते. आता माझ्या कानांनी ऐकीन."

सोमवारी जेवताना मी, जणू मिठाची चौकशी करावी तसे, दादाला विचारले, "माझा कीबोर्ड हॉलमध्ये नीट जातो ना रे?"

दादाचा घास क्षणभर थांबला. क्षणभरच. "सगळं जातं बाहेर," तो म्हणाला आणि भाताकडे वळला.

"मागच्या रविवारचं रेकॉर्डिंग आहे का? मास्तरांचा ताल बघायचा होता."

"मेमरी भरली होती. झालं नाही."

"या घरात दोघे भाऊ बोलायला लागले की गुप्तहेर खात्याची बैठक वाटते," वहिनी म्हणाली. "आमटी कोणाला?"

त्यानंतर मला सगळेच दिसू लागले. दादा उपासना संपताक्षणी मिक्सरवर जाड कापड टाकतो, ते धुळीसाठीच का? शनिवारी संध्याकाळी आवाज तपासताना तो माझा नंबर नेहमी सर्वांत शेवटी का घेतो, बाकीचे आपापसात बोलू लागल्यावर? मी दोन सूर वाजवतो, तो लांबून अंगठा वर करतो. रिकाम्या हॉलमध्ये मॉनिटरचाच आवाज भिंतींवर आपटून इतका घुमतो की भिंतीवरच्या स्पीकरांतून काय येते आहे, हे स्टेजवरच्या माणसाला सांगता येत नाही. मास्तर आणि दादा परवा दाराशी हळू बोलत होते, मी जवळ जाताच पावसापाण्यावर आले. मास्तरांना माझे सूर खटकत असतील. "पोराला दुखवू नकोस, पण बंद ठेव," असे ते म्हणाले असतील. मी त्यांच्या आवाजात ते वाक्य इतक्यांदा म्हणून पाहिले की ते खरोखर ऐकल्यासारखे झाले.

बुधवारी मी छापखान्यातून अर्धी रजा घेतली आणि किल्ली लावून चर्च उघडले.

दुपारचे ऊन रंगीत काचांतून बाकांवर उतरले होते. मी नेहमीसारखी माझी वायर चार नंबरमध्ये खोचली आणि मग प्रथमच मधल्या वाटेने शेवटपर्यंत चाललो. मिक्सरवरचे कापड उचलताना, दुसऱ्याचे पत्र फोडावे, तसे वाटले.

मिक्सर सरळ होता. प्रत्येक नंबराची एक उभी रांग. रांगेच्या तळाशी वरखाली सरकणारी पट्टी, ती हॉलची. वर एक गोल बटण, ते त्या माणसाच्या मॉनिटरचे. पट्ट्यांखाली पांढरी चिकटपट्टी आणि तीवर दादाच्या बारीक अक्षरात नावे: गिटार, ढोल, मास्तर, धाकटा. धाकटा म्हणजे मी. माझ्या नावाच्या बाजूला तांबड्या शाईचा एक ठिपका होता. माझी हॉलची पट्टी अगदी तळाला टेकलेली होती. मॉनिटरचे बटण मात्र भरपूर उघडे.

तरीही प्रुफे तपासणारा माणूस एका पुराव्यावर थांबत नाही. मी वीज सुरू केली, स्टेजवर परत गेलो, ऑर्गनचा आवाज निवडला आणि मधल्या सा वर गीतांचे जाडजूड पुस्तक ठेवले. पट्टी दबली. सूर लागला तो लागलाच. पुस्तक न थकता वाजवत होते, माझ्याहून स्थिरपणे.

मी त्या सुराकडे पाठ करून चालू लागलो. पहिल्या बाकापाशी तो होता. चौथ्यापाशी पातळ झाला. आठव्यापाशी तो सूर आहे की त्याची आठवण, हे ठरवता येईना. शेवटच्या बाकापाशी मी भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरखाली बाकावर चढून उभा राहिलो आणि जाळीच्या कापडाला कान लावला.

कापडाला धुळीचा वास होता. आत काहीही नव्हते.

आठ महिने. बत्तीसएक रविवार मी आरशासमोर वाजवत होतो आणि आरशामागे भिंत होती. रडू आले नाही. लाज वाटली, आणि तीही अशी की कोणी बघत नसताना मी पुस्तक उचलून जागेवर ठेवण्यासाठी जवळजवळ धावत गेलो. परत येऊन कापड टाकताना मला दुसरा तांबडा ठिपका दिसला. नऊ नंबर: पाळकसाहेब, गाणे. त्याचीही हॉलची पट्टी तळाला. साहेबांना प्रवचनासाठी निराळा माइक आहे. हा त्यांचा गाण्याचा. त्यांचा गळा आणि सूर यांचे कधी जमले नाही, हे साऱ्या मंडळीला ठाऊक. तरी ते अलीकडे फारसे खटकत नाहीत, याचे आम्हाला कौतुक वाटे. ते कौतुक त्या ठिपक्यात होते. मी साहेबांच्या पंगतीत बसलो होतो.

मी पट्टी वर सरकवली असती तर? दादाने शनिवारी ती पुन्हा खाली ओढली असती, आणि मला ते कळलेही नसते. त्याला विचारले असते तर? तो म्हणाला असता, सगळं जातं बाहेर. पण स्टेज माझे होते. वाटणी त्याचीच.

रविवारी सकाळी आवाज तपासून झाला. मी दोन सूर वाजवले, दादाने लांबून अंगठा वर केला. मग तो आईची खुर्ची उतारावरून चढवायला बाहेर गेला. वहिनी गाणाऱ्या बायकांबरोबर पदराच्या पिना सारख्या करीत होती. मास्तर चष्मा पुसत होते. मी वायर सारखी करायच्या निमित्ताने लोखंडी पेटीपाशी वाकलो, आणि तीनमधले टोक चारमध्ये, चारमधले तीनमध्ये घातले. दोन खटके. कोणी मान वळवली नाही.

त्या दोन खटक्यांचा पुरता हिशोब मी केलेला नव्हता, हे पहिल्या गाण्यालाच कळले. मी मास्तरांच्या नंबरात शिरलो म्हणजे हॉलमध्ये पोचलो, एवढेच मी पाहिले होते. पण नंबराबरोबर मॉनिटरही बदलतो. मास्तरांनी सुरुवात केली आणि त्यांचे सूर माझ्या पायांशी उगवले. हॉलमध्ये त्यांचा आवाज शून्य. आणि मी पहिला सूर दाबला, तर माझ्या समोर काहीच नाही. क्षणार्धाने, हॉलच्या मागच्या भिंतीकडून, कोणीतरी प्रचंड मोठा ऑर्गन वाजवू लागले.

तो मी होतो, हे समजायला वेळ लागला. तो आवाज माझ्या बोटांच्या मागून येत होता, प्रत्येक सूर उशिरा, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून. शंभर माणसे त्याच्यात उभी होती. माझी बोटे उचलली गेली. मी थांबलो.

आणि थांबता थांबता मला आठवले, की मी पूर्वीही एकदा असाच थांबलो होतो. अगदी पहिल्या रविवारी. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला माझा आवाज असाच मागून अंगावर आला होता आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, गाणे संपेपर्यंत. कागद उलटला म्हणून थांबलो, असे मी नंतर सर्वांना सांगितले. पुढे ते मलाही खरे वाटू लागले. त्याच उपासनेत दुसऱ्या गाण्यापासून हॉलमधला तो आवाज पुन्हा आला नाही, मॉनिटर छान ऐकू येऊ लागला आणि मी वाजवू लागलो. त्यावर मी कधी संशय घेतला नव्हता.

आता हॉलमध्ये कोणताच कीबोर्ड नव्हता. गिटार आणि आवाज कसेबसे पुढे जात होते. मास्तर वाकून आपल्या मॉनिटरकडे पाहत होते, त्यांची बोटे चालूच होती. पलीकडे, अगदी शेवटी, दादा ताडकन उभा राहिला. त्याच्या शेजारी खुर्चीत आई, मान उंच करून. दादाची नजर पट्ट्यांवरून फिरली, मग लांबून माझ्यावर येऊन थांबली. त्याला कळले. त्याचा हात मिक्सरवर गेला.

तीनची पट्टी खाली ओढायची आणि चारची वर सरकवायची: एवढे केले की मास्तर हॉलमध्ये परत आले असते, आणि मी पुन्हा कुठेच नसतो. गाणे सावरायला तेच शहाणपणाचे होते. मी त्याच्या जागी असतो तर तेच केले असते.

मी मधला सा दाबला. फक्त तेवढाच. पुस्तकाने धरला होता तसा, न हलवता. मागून तो उशिरा आला, पण सूर बदलायचाच नसला की उशिराने काही बिघडत नाही. मी तो धरून ठेवला आणि दादाच्या हाताकडे पाहत राहिलो.

त्याचा हात वर सरकला. एकच पट्टी. मास्तरांचे वाजवणे हॉलमध्ये उगवले, आणि माझा सा त्याखाली तसाच राहिला.

त्या आधाराने मी हळूहळू दुसरा सूर लावला, मग तिसरा. चारही गाणी मी तशीच वाजवली. समोर मास्तर ऐकत आणि मागून स्वतःला. काही जागी चुकलो. चुका मोठ्याने झाल्या.

उपासना सुटल्यावर पहिले आले ते मास्तर. मी माफी मागायला तोंड उघडले.

"चार गाणी माझ्या पायांशी तूच," ते म्हणाले. "स्वतःचं वाजवणं ऐकूच येईना. पण तुझं आज पहिल्यांदाच धड ऐकलं. डावा हात आळशी आहे तुझा. बुधवारी घरी ये."

"तुम्हीच बंद ठेवायला सांगितलं होतं ना?"

"काय बंद?" मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले. त्या पाहण्यात मला एकही चूक सापडली नाही. "परवा तुझ्या भावाला विचारलं, धाकट्याचं मागे ऐकू का येत नाही, तर म्हणे वायर जुनी आहे."

ते गेल्यावर दादा स्टेजवर चढला. आठ महिन्यांत प्रथमच. माझ्या हातातली वायर घेऊन तो ती गुंडाळू लागला, कोपराभोवती; असे गुंडाळू नये, वायर पिळते, हे त्यानेच मला शिकवले होते.

"एका रविवारापुरतं बंद केलं होतं," तो खाली पाहत म्हणाला. "तू हात मांडीवर ठेवून बसला होतास. बाबा गेले तेव्हा बसला होतास तसा. म्हटलं, घाबरू नये. मग तू वाजवायला लागलास, आणि इतका खूश दिसलास... उघडायचं धाडस माझंच झालं नाही."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर पुन्हा वाजवलं असतंस?"

मी त्याच्या हातातली वायर घेतली, उलगडली आणि नीट, वेटोळ्यावर वेटोळे ठेवून, पुन्हा गुंडाळली.

दाराशी आई वाट पाहत होती. पोस्टमनकाका तिच्या खुर्चीच्या मुठी धरून उभे. "आज टपाल पोचलं हो," ते म्हणाले. आईने मला वाकवून जवळ घेतले. मला वाटले, छान होते असे म्हणेल.

"पहिल्या गाण्यात मधेच थांबलास का रे?"

शेवटच्या बाकापाशी बसून तिने माझे थांबणे ऐकले होते. इतकी चांगली दाद मला त्यापूर्वी कोणी दिली नव्हती.

पुढच्या शनिवारी दादाने मला मिक्सरपाशी बोलावले आणि माझ्या नावाची चिकटपट्टी बदलायला नवी पट्टी हातात दिली. मी धाकटा असेच लिहिले, ठिपक्याशिवाय. जुनी पट्टी खिशात ठेवली. अजूनही वाजवता वाजवता माझी नजर लांबवर त्याच्या हाताकडे जाते, आणि तो हात कान खाजवायला उठला तरी माझी बोटे आखडतात. ती सवय जायला वेळ लागेल. कदाचित जाणारही नाही.

आम्ही दोघे तिथे उभे असताना पाळकसाहेब आले. हातात गीतांचे पुस्तक, चेहऱ्यावर थोडा संकोच. तो संकोच मी कुठेही ओळखला असता.

"एक विचारू का रे? तू तर स्टेजवर असतोस. मी गातो, ते मागपर्यंत नीट जातं ना?"

दादा वायरींमध्ये काहीतरी शोधू लागला. मी नऊ नंबरच्या ठिपक्यावर अलगद तळहात ठेवला.

"सगळं जातं बाहेर, साहेब," मी म्हणालो.